बसलिंगप्पा गुरुजींचा डाव

मुलाने उत्तर सांगितले की बसलिंगप्पा गुरुजी कानांवर हात ठेवत. "उत्तर सांगू नगंस, डाव मांड!" मग वर्गातल्या शहाबादी फरशीवर खडूच्या रेघा उमटत, चिंचोके मांडले जात. हरलेल्याने पुढचा डाव आधी खेळायचा आणि जिंकलेल्याने तोंड मिटून बसायचे, हा त्यांचा कायदा.

परवा रेणापूरला त्यांच्या शोकसभेत एक वक्ता म्हणाला, गुरुजी आमच्या शाळेतून बढतीवर गेले. दुसऱ्याने हळूच 'जुगाराचे प्रकरण' सुचवले. दोघेही तेव्हा शाळेत नव्हते. शेजारच्या वर्गावर मी होतो.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि आमच्या गावात पाणी नव्हते. टँकर सरपंचांच्या दारापासून वाटत निघे आणि खालच्या वस्तीआधीच रिता होई. गुरुजींनी फरशीवर गावच काढले. खडा म्हणजे घर, चिंचोका म्हणजे घागर. सरपंचांच्या दारापासून मुलांनी कसेही वाटले तरी खालची वस्ती कोरडी. अखेर त्याच वस्तीतल्या सुमनने टँकर उलट्या टोकाने आणला. आता पाणी कमी पडले ते सरपंचांना.

"मग त्यायनं काय प्यावं?" गुरुजींनी विचारले.

"त्यायच्या परसात हापसा हाय की, गुर्जी!"

हे सरपंचांच्या कानी गेले. ते थेट वर्गात आले. "पोरायला आमच्यावर घालाय लागलाव का, मास्तर?"

"म्या कुठं काय शिकवलं, मालक? बसा. तुमी बी मांडून बघा."

सरपंच खरोखरच बसले. आपल्या दारापासून त्यांनी वाटून पाहिले, पुन्हा वाटले. खालची वस्ती कोरडीच राहिली. मागून कोणीतरी कुजबुजले, "हरले! आता पुढचा डाव बी त्यायचाच." वर्ग हसला. सरपंचांनी पायाने चिंचोके उधळले.

गुरुजी शाळेत जुगार शिकवतात, अशी तक्रार झाली. चौकशीच्या साहेबांना मी सारा प्रकार सांगितला. त्यांनी एकच विचारले, "चिंचोके होते की नव्हते?" होते, म्हणालो. त्यांनी तेवढेच लिहून घेतले. बदली कर्नाटकच्या सीमेवरच्या गावी झाली. तिला बढती म्हणणाऱ्यांनी ते गाव एकदा पाहून यावे.

गुरुजी निघाले त्या दिवशी एसटीची वाट पाहताना मी चिडून म्हणालो, "गुरुजी, खरे काय ते वर कळवा."

"उत्तर सांगून कुनाला पटलंय, सर?"

तेवढ्यात टँकर आला आणि सरपंचांच्या दारी थांबला. खालच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन धावत वर आल्या. त्यांच्यात सुमनही होती. मागे शाळेची घंटा वाजत होती.