उगारलेली काठी

आमच्या वाशीतले जनावरांचे डॉक्टर घोड्याच्या गळ्याला कान लावतात, डोळे मिटतात आणि त्याचा श्वास स्वतःच्या घशातून हुबेहूब काढून दाखवतात. माणसांशी मात्र 'व्हय' नि 'न्हाय' एवढंच बोलतात.

वरातींना भाड्यानं द्यायला घोडी विकत घ्यायची म्हणून मी त्यांना ईट गावाला नेलं. मालक शपथा घेत होता, "घसा एकदम साफ हाय, डॉक्टरसाब!"

डॉक्टरांनी घोडी भिंतीला लावली आणि तिच्यावर एकदम काठी उगारली. घशात दोष असलेलं जनावर दचकून कण्हतं, ही त्यांची जुनी पारख. घोडीनं नुसते कान हलवले. मालक हसला. तशी डॉक्टरांनी गर्रकन वळून काठी त्याच्यावरच उगारली.

"मारू नका! पळवली की शिट्टी वाजती तिच्या घशात!"

"न्हाय," डॉक्टर मला म्हणाले, आणि आम्ही परतलो.

पण वरातीत घोडीला पळवतंय कोण? मी ती गुपचूप आणलीच.

परवा सकाळी डॉक्टर हातात काठी घेऊन फिरायला निघालेले दिसले. ते काही विचारायच्या आत मी बोलून गेलो, "डॉक्टर, ती घोडी मीच आणली."

"व्हय," ते म्हणाले आणि आदल्या दिवशीच्या वरातीत ती बँडला बुजून पळाली तेव्हाची तिची शिट्टी घशातून हुबेहूब काढून दाखवली.