सगळ्यांच्या पडद्यावर ‘आई आल्या’

माझी सून दिवसभर खुर्चीत बसून असते आणि संध्याकाळी म्हणते, “आई, आज फार धावपळ झाली.” ऐकून माझी करमणूक होते. माझा जन्म गेला एका मोठ्या हॉस्पिटलचं स्वयंपाकघर सांभाळण्यात, तेव्हा धावपळ म्हणजे काय ते मला विचारा. एकाच सुरीवर तिघांचा डोळा, दारातून उकळतं भांडं घेऊन येणारा एक आणि त्याच दारातून रिकामी ट्रॉली ढकलत निघालेला दुसरा. माझा आवाज मोठा आहे म्हणून मुलगा नावं ठेवतो, पण त्या आवाजामुळे कोणी भाजलं नाही, हे तो सोयीस्कर विसरतो.

तर सूनबाईंचं काम. ती एका लायब्ररीची देखभाल करते. पुस्तकांची नव्हे हो. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आयता वापरता यावा असा कोडचा साठा, त्यालाही लायब्ररीच म्हणतात. एका प्रोग्रामात एकाच वेळी अनेक कामं चालवायची आणि ती एकमेकांच्या पायात येऊ द्यायची नाहीत, हे हिच्या लायब्ररीचं काम. त्या एकेका कामकऱ्याला ही मंडळी थ्रेड म्हणतात. तिने हे समजावलं तेव्हा मी म्हटलं, “अगं, हे तर माझंच स्वयंपाकघर!”

“हो आई. फक्त यातली माणसं ओरडलेलं ऐकत नाहीत.”

सांभाळणारी मंडळी ठिकठिकाणची, स्क्रीनवरच भेटणारी. त्यांचे मुख्य म्हणजे दाढीवाले. त्यांचं खरं नाव मला कधी नीट घेता आलं नाही, आणि दाढी इतकी भरघोस की दुसरं काही लक्षातही राहत नाही. सूनबाईंनी वर्षभर खपून त्या लायब्ररीतली रांग नव्याने लिहिली. रांग म्हणजे कामं जिथे आपली पाळी यायची वाट बघतात ती जागा. जुनी रांग कासवासारखी होती, ही नुसती सुसाट. पण एक खोट राहिली. मध्येच कधीतरी अख्खा प्रोग्राम थांबायचा. चूक दाखवायचा नाही, कुरकुरायचा नाही, नुसता ढिम्म बसायचा. लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या. दाढीवाल्यांनी सांगून टाकलं, महिनाअखेरपर्यंत दुरुस्त झालं नाही तर नवी रांग काढून जुनी परत लावू.

वर्षाची मेहनत पाण्यात जायची वेळ आली. पोरीचं जेवणात लक्ष लागेना. “कोण लागून गेलाय हा दाढीवाला? दे मला जोडून,” असं मी म्हटलंही. मुलाने मला हळूच खोलीबाहेर नेलं.

बिघाड शोधायची त्यांची एक साधी पद्धत आहे. कोडमध्ये जागोजागी छोटे संदेश छापायला लावायचे, म्हणजे कोणता थ्रेड कुठवर पोचला ते कळतं. एका दुपारी ती असाच एक संदेश लिहीत होती आणि मी चहा घेऊन आत गेले. तिच्या बोटांनी मनात आलं ते लिहिलं. ‘आई आल्या.’ प्रोग्राम चालवला. चालला! पुन्हा चालवला, पुन्हा चालला. चहा गार झाला, पण प्रोग्राम काही थांबेना. त्याच दिवशी तिने आणखी दोन-तीन बारीक दुरुस्त्या केल्या होत्या. त्यांचाच गुण आला असं समजून तिने आनंदाच्या भरात नवी आवृत्ती पाठवून दिली, आणि संदेश काढायचा राहिला.

झालं! दुसऱ्या दिवशी कुठे कुठे लोकांच्या पडद्यावर ‘आई आल्या, आई आल्या’ वाहायला लागलं. ती लिपी कोणाला वाचता येईना. एकाने विचारलं, व्हायरस आहे का? एकाने भाषांतर करून घेतलं आणि फार अदबीने विचारलं की कोणाची आई, आणि त्यांना बसायला काय द्यायचं?

मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. “म्हणजे मी आत आले की तुझ्या मनात धोक्याची घंटा वाजते होय?” ती लाजेने लालबुंद. चिरंजीव टॉवेलमध्ये तोंड खुपसून हसत होते. तिने माझी माफी मागितली, ती ओळ काढली आणि आवृत्ती पुन्हा पाठवली.

आणि काय सांगू, पुन्हा सगळीकडे प्रोग्राम ढिम्म! शेवटी दाढीवाल्यांनी स्वतः ती ओळ परत घातली. प्रत्येक आवृत्तीबरोबर काय बदललं, काय दुरुस्त झालं ते छापतात ना, त्यात चक्क लिहिलं, “‘आई आल्या’ हा संदेश परत आणला आहे. कृपया काढू नये.”

आता मात्र माझी मान ताठ झाली. जिन्यात भेटेल त्याला मी हे सांगितलं. मुलगा म्हणाला, “आई, तुझ्या धाकाने कॉम्प्युटरही सरळ झाले.” दाढीवालेही खूश. ओळ राहील, नवी रांगही राहील, विषय संपला.

खूश नव्हती ती एकटी सूनबाई.

“चालतंय ना? मग कशाला उकरून काढतेस?” मी विचारलं.

“ते बरं झालेलं नाही, आई. ती ओळ छापायला जो क्षण जातो, तेवढ्याने फक्त टळतंय. वेगळ्या मशीनवर तो क्षण पुरला नाही की पुन्हा थांबेल. ज्यांनी भरवसा ठेवलाय, त्यांचं काम अडेल.”

हेच तिने मीटिंगमध्ये दाढीवाल्यांना सांगितलं. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. ते म्हणाले, मग आधी ठरलंय तेच, महिनाअखेर. अहो, सुटलेली मान पोरीने आपणहून परत फासात घातली! मी चरफडत स्वयंपाकघरात गेले आणि भांडी जरा जास्तच आपटली.

पुढचे दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही, मीसुद्धा. मग एका सकाळी ती धावतच बाहेर आली. “आई, बंद पडलं! दरवेळी बंद पडतंय!” आणि माझ्या साबणाच्या हातांसकट तिने मला मिठी मारली. मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

मग तिने उलगडून सांगितलं. काम नसलं की एक थ्रेड झोपतो. काम आलं की दुसरा त्याला हाक मारतो. पण कधीतरी असं व्हायचं की पहिल्याने पाहिलं, काम नाही, आणि तो आडवा व्हायच्या आतच हाक येऊन गेली. मग हा झोपला तो झोपलाच. हाक मारणारा समजतो, मी उठवलंय. माझ्या नावाची ओळ हाक मारणाऱ्याला जरा रेंगाळत ठेवायची, तोवर हा झोपलेला असायचा, म्हणून सगळं सुरळीत. सूनबाईंनी यावेळी उलटं केलं. झोपणाऱ्यालाच मुद्दाम रेंगाळायला लावलं, आणि चूक दरवेळी घडायला लागली. घडली म्हणजे सापडली. उपाय काय, तर काम पाहणं आणि झोपणं दोन्ही एकाच कुलपाआड करायचं. हाक मारणाऱ्यालाही तेच कुलूप घ्यायला लावायचं, म्हणजे मधल्या फटीत हाक वाया जात नाही.

“एवढंच?”

“एवढंच. आणि चूक माझीच होती.” तेही तिने मीटिंगमध्ये सांगून टाकलं.

नवी आवृत्ती गेली, माझ्या ओळीशिवाय. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मीच म्हटलं, काढ गं.

मग ती रोज सकाळी तक्रारींचं पान उघडून बसायची. महिनाअखेर आली तशी गेली, नवी रांग जागेवरच राहिली.

“मग? काय म्हणाले लोक?” मी विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“आमच्यात असंच असतं, आई. बिघडलं की सगळे बोलतात. चाललं की खाली काय आहे हे कोणाला आठवतही नाही.” हसून म्हणाली, पण नजर त्या रिकाम्या पानावरच होती.

माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. मी तिची खुर्ची धरली आणि माझ्याकडे फिरवली.

“छान केलंस गं,” मी म्हटलं. “फार छान काम केलंस.”

तिचे डोळे भरून आले होते, ते तिने पुसलेही नाहीत.

“पुन्हा म्हणा ना,” ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं.