आईने मागे ओढलेला बोल्ट

आमच्या घरात देवाचाच फोटो नाही, तर भूत कुठून येणार... असं मी आजवर हसून सांगत आलोय. वडील चळवळीतले. अंगात येणं, नजर लागणं असलं काही कुणी बोललं की जेवण थांबवून वाद घालायचे. मीही त्याच वळणाचा. त्यामुळे हे लिहायला वर्ष गेलं. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी माझं भांडण नाही — मलाही अजून नीट पटलेलं नाही.

आम्ही भोईवाड्याचे. चाळ पाडून टॉवर झाला, त्यात नवव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. मी, बायको वैशाली आणि आई. आई परळच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं आया होती. आता अठ्ठ्याहत्तरची आहे. कानाचं मशीन लावल्याशिवाय जवळजवळ ऐकू येत नाही. बोटं संधिवाताने वाकलीत, चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरते.

मला एक नाद आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सबमशीनगनच्या रेप्लिका जमवायचा. शोभेच्या, बरं का. नळी भरीव असते, गोळी सुटणं सोडाच, आत जायलाही जागा नसते. मी ड्राफ्ट्समन आहे, मला त्यांची रचना आवडते. नाझी चिन्ह असलेली कुठलीही वस्तू मी घरात आणत नाही, हेही आधीच सांगून टाकतो. हॉलच्या भिंतीवर तेव्हा चार होत्या. आईला बिलकूल आवडायच्या नाहीत. "माणसं मारायच्या वस्तू, आणि तू त्यांची धूळ पुसत बसतोस," म्हणायची. कधी हातही लावला नाही तिने.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर पाचवी आली, एमपी-४०. गुरुवार होता, मी घरून काम करत होतो. दुपारी कुरिअरवाला खोकं देऊन गेला. उघडलं आणि जरा हिरमुसलोच. मॅगझिन निघत होतं, मागचा लोखंडी दस्ता दुमडत होता, पण बोल्टचा दांडा पक्का. खऱ्या बंदुकीत हा दांडा मागे ओढून वरच्या खाचेत अडकवतात, तोच तिचा सेफ्टी. इथे दांडा आणि खाच दोन्ही बॉडीबरोबरच ओतलेले. मी अंगठा लाल होईपर्यंत जोर लावला. तसूभर हलला नाही. विक्रेत्याला व्हॉट्सअॅप केलं तर म्हणाला, "दादा, लिस्टिंगमध्येच लिहिलंय, फिक्स आहे."

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. मॅगझिन वेगळं, बंदूक वेगळी, तशीच टीपॉयवर ठेवून मी बेडरूममध्ये गेलो. आई सोफ्यावर डुलकी काढत होती.

फोन संपवून बाहेर आलो तर सोफा रिकामा.

आई मुख्य दाराजवळ उभी होती. दारासमोर नाही — बाजूला, भिंतीला पाठ घट्ट लावून. हातात ती एमपी-४०. मॅगझिन लावलेलं, दस्ता उघडून खांद्याला टेकवलेला. सिनेमात सगळे मॅगझिनला धरतात, ते चुकीचं असतं. तिने मॅगझिनच्या मागे, बॉडीला धरलं होतं. अगदी बरोबर. आणि बोल्टचा दांडा मागे होता. खाचेत.

"आई?"

तिने वळून पाहिलं नाही. "खाली बस."

कमी ऐकू येतं म्हणून आई एरवी मोठ्याने बोलते. हा आवाज अगदी खालचा, कोरडा होता. तिचं मशीन तर टीपॉयवर डबीत चार्जिंगला होतं. मग माझी हाक तिला ऐकू कशी आली?

"आई, जड आहे ते, ठेव—"

"बस म्हटलं ना. दाराला हात लावायचा नाय. तिघं आहेत."

मी बसलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, स्वतःच्या घरात, मुकाट्याने फरशीवर बसलो. का, ते विचारू नका. किती वेळ बसलो तेही सांगता येणार नाही. तिची वाकडी बोटं जराही थरथरत नव्हती, मी तिकडेच बघत होतो.

बेल वाजली.

आईने अंगठ्याने दांडा खाचेतून खाली घेतला. खट्. लोखंडावर लोखंडाचा आवाज.

मी सरपटतच दाराशी गेलो आणि भिंगातून पाहिलं. टोपी घातलेला एक तरुण, हातात फाइल, हसरा चेहरा. एकटा.

"गॅस पाइपचं चेकिंग आहे साहेब, दार उघडा."

गॅसवाले पंधरा दिवसांपूर्वीच येऊन गेले होते, नोटीस लावून.

"एकटेच आहात का?" मी विचारलं.

"हो साहेब, एकटाच."

मागे आईचा श्वास ऐकू येत होता. मोजून घेतल्यासारखा.

"आज नाही जमणार. नंतर या."

"दोन मिनटांचं काम आहे." आणि बाहेरून दाराचं हँडल खाली झालं. हळूच. पुन्हा वर गेलं. पुन्हा खाली. लॉक लागलेलं होतं म्हणून... मग जिन्यावरून पावलं उतरत गेली. एका माणसाची नव्हती ती.

आईने दांडा पुन्हा खाचेत घातला. मग एकदम नेहमीच्या मोठ्या आवाजात ओरडली, "काय रे, फरशीवर कशाला बसलायस? आणि हे माझ्या हातात कुणी दिलं? घे, घे, केवढं जड आहे!"

तिचे हात लटलटत होते. डाव्या अंगठ्याखाली रक्त साकळून काळी गाठ आली होती.

संध्याकाळी सेक्रेटरींकडे सीसीटीव्ही पाहिला. वैशाली सोबत होती. तिघं होते. एक दारासमोर, दोघं दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटून, भिंगातून दिसणार नाहीत असे. एकाकडे बॅग. वॉचमनच्या वहीत नाव एकाचंच. बाकीचे दोघं पार्किंगमधून आले होते. पोलिसात तक्रार केली, ते सापडले नाहीत.

पण वैशालीने एक गोष्ट दाखवली. माझा फोन संपला तीन सत्तेचाळीसला. ते तिघं सोसायटीच्या आवारात शिरले तीन बावन्नला. आईने "तिघं आहेत" म्हटलं तेव्हा ते अजून रस्त्यावर होते.

डॉक्टरांना दाखवून झालं. मेंदू ठीक, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली, फक्त ती दुपार नाही. घरात कुणी फौजेत होतं का, असंही बऱ्याच जणांनी विचारलं. नाही. आईचे वडील गिरणीत, त्यांच्या आधीचे सगळे गावी शेतात. निदान आमच्या माहितीत तरी कुणी नाही.

लालबागला एक जुने लेथवाले काका आहेत, त्यांच्याकडे बंदूक नेली. त्यांनी अर्धा तास उलटीसुलटी करून पाहिली. "कापलेलं नाही, वेल्डिंग नाही. हे एकसंध ओतलंय रे. दांडा मागे यायला आत वाट पाहिजे ना? वाटच नाही." त्यांनीही जोर लावून पाहिला. आता तो पुढेही जात नाही.

मी ती विकायची ठरवली. खोक्यात भरत होतो तर आई येऊन उभी राहिली.

"राहू दे ती."

"तुला तर आवडत नाहीत ना?"

"नाय आवडत. तरी राहू दे."

का, ते तिने सांगितलं नाही. बहुतेक तिलाही माहीत नसावं. बंदूक आहे अजून, हॉलमध्ये, इतरांच्या शेजारी. तुमच्यापैकी कुणी योगायोग म्हणाल. तिघांच्या बाबतीत तो शब्द मी स्वतःला कसाबसा पटवतो. दांडा मात्र मी रोज सकाळी पाहतो... तो अजून खाचेतच आहे.