मास्तरांच्या दोऱ्या

आमच्या घरात हे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. मिठागरावरून येताना धोतराच्या काठाला मीठ चिकटून यावं तसे ते आले. कितीही झटकलं तरी थोडं राहतंच. दादाला जाऊन आता दोन पावसाळे झाले. अजूनही कुणी भेटायला आलं की आधी पाऊसपाण्याचं बोलणं होतं. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "ते चुन्याचं आठवतं का हो?" आणि सुरू होतं. आई पहिल्या किश्श्याला हसते, दुसऱ्याला सुपारीचं तबक पुढे करते आणि तिसऱ्याला उठून आत जाते.

मी बसून राहते. सगळे किस्से मला पाठ आहेत, कारण त्यांतल्या पुष्कळांत माझीच चूक आहे.

*

माझे वडील नाना मुंबईच्या सरकारी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. विद्यापीठासाठी भरती-ओहोटीचं संशोधन करत. शर्यती, कसरती यांच्याशी त्यांचा संबंध एवढाच, की ते रोज ठाण्याहून गाडी गाठायला धावत.

एकदा जिमखान्याची मीटिंग संपली आणि नाना निघाले. जिन्यापर्यंत गेल्यावर आठवलं, छत्री राहिली. परत आत आले, तर सगळे उभे राहून टाळ्या वाजवतायत. मधल्या दोन मिनिटांत त्यांना प्रेसिडेंट निवडलेलं होतं.

"पण मी छत्रीसाठी आलो होतो," नाना म्हणाले.

सेक्रेटरींनी तेही मिनिट बुकात लिहिलं. छत्री मात्र कधीच सापडली नाही.

*

ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडची दहा-बारा मुलं कॉलेजात होती. त्यांना रविवारी सरावासाठी मुंबईला जायला नको, म्हणून नानांनी बाळकुमचं एक बंद पडलेलं मिठागर मिळवलं. जमीन सपाट आणि टणक. नाना खूश. दोन दिवस खपून त्यांनी मोजमाप काढलं आणि शनिवारी गडी लावून चुन्याच्या रेघांनी अख्खा ट्रॅक आखला.

रविवारी सकाळी मुलं आली. "सर, ट्रॅक कुठाय?"

नानांनी ऐटीत हात पसरला आणि तसाच ठेवला. पांढऱ्या मिठावर पांढरा चुना! नाना तासभर ओणवे होऊन स्वतःचीच रेघ शोधत होते. शेवटी कसरतीचे मास्तर स्टेशनावरून इंजिनाची राख पोत्यात भरून घेऊन आले आणि त्यांनी काळी रेघ मारली.

"साहेब," ते म्हणाले, "मीठ आमच्याकडं हाय, हे तुमी इसरले."

*

हे पास्कू मास्तर बाळकुमचेच, ख्रिस्ती. वडील खाडीत मासे मारायचे. मास्तरांना आकडे येत नसत, अक्षरही येत नसे. पण मुलगा चार पावलं धावला की कुठल्या पायात दुखतंय ते सांगत.

पहिल्या वर्षीच्या स्पोर्ट्सची तारीख नानांनी स्वतःच्या तक्त्यांवरून काढली. अमावास्या होऊन तीनच दिवस झाले होते, पण तीन वाजता भरती पूर्ण होणार आणि पाणी बांधाच्या आत येणार नाही, असं गणित सांगत होतं. तीन वाजले. पाणी नाही. नानांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. चार वाजता मैलाची शर्यत सुरू झाली आणि दुसऱ्या फेरीला मुलांच्या घोट्यापर्यंत खाडी आली.

मी घाबरून खुर्चीवरच उभी राहिले. नाना तक्ते चाळत होते. "गणित बरोबर आहे. मुंबईच्या धक्क्यावर तीनलाच भरती."

"साहेब," मास्तर धोतर खोचत म्हणाले, "पानी मुंबयशी चालत येतं. उडत नाय येत."

त्या पाण्यातही दादा पहिला आला. माझा दादा, माधव, जिमखान्याचा कॅप्टन. विद्यापीठाच्या संघातून मैल धावायचा, एवढं एकच त्याला आयुष्यात हवं होतं.

*

दर टर्मला प्रत्येक मुलाच्या छातीचं माप घ्यायचं, असा नियम होता. तो नानांनीच आणला. आदल्या वर्षी एक मुलगा शर्यतीत कोसळला होता. त्याची छाती खंगत चालली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून नियम असा, की ज्याची छाती लागोपाठ दोन टर्म उतरली त्याचं नाव संघातून कमी.

मास्तरांना टेप वाचता येईना. त्यांनी जाळ्याच्या सुताची प्रत्येकाला एक दोरी केली. मुलानं श्वास भरायचा, मास्तरांनी दोरी गुंडाळायची आणि जिथं टोक मिळेल तिथं गाठ मारायची. छाती वाढली की गाठ पुढं सरकायची. झोपडीत खिळ्याला सगळ्या दोऱ्या टांगलेल्या असत. मी त्या टेपवर ठेवून इंच मोजायची आणि रजिस्टरात लिहायची. मीही त्याच कॉलेजात दोन वर्षं काढली होती. बाकी काही धड जमत नसलं तरी अक्षर बरं होतं.

एकदा इंग्रज प्रिन्सिपलसाहेब तपासणीला आले. त्यांनी दोऱ्या पाहिल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. नानांना घाम फुटला. मास्तर शांतपणे साहेबांजवळ गेले, कोट बाजूला केला आणि दोरी गुंडाळली. साहेबांनी श्वास भरला. मास्तरांनी त्यांना पुन्हा भरायला लावला. मग गाठ मारून मान हलवली.

"काय म्हणतो हा?" साहेबांनी विचारलं.

नानांनी भाषांतर करायचं टाळलं. मास्तर म्हणाले होते, "ह्यांचा सगळा श्वास हुकूम द्यायला जातो. आत काय नाय र्‍हात."

*

आता बापूचा किस्सा. बापू कल्याणचा, दादाचा जिवलग आणि मैलात कायमचा दुसरा.

शर्यतीच्या शेवटी दोन बांबूंमध्ये एक दोरी लावलेली असे, नुसती अडकवलेली. जो छातीनं ती घेऊन जाईल तो पहिला. ती दोरी त्यालाच मिळायची. एकदा दादाच्या पुढं जायच्या नादात बापूनं लांबूनच हात घालून दोरी ओढली आणि नाचायला लागला.

नाना म्हणाले, "छातीनं न्यायची असते."

"सर, हातही छातीलाच जोडलेला आहे."

"दोरी छातीनं जात नाही तोवर शर्यत संपलेली नाही. घड्याळही थांबत नाही. पुन्हा लावा."

दोरी पुन्हा बांबूंना अडकवली. दादा तोपर्यंत कंबरेवर हात ठेवून थांबला होता. मग सावकाश चालत गेला, दोरी छातीवर घेतली आणि बापूच्या गळ्यात घातली. बापू त्याला जे काही म्हणाला ते मला इथं लिहिता येणार नाही.

*

त्याच्या पुढच्या टर्मची गोष्ट. झोपडीत मी दोऱ्या मोजत बसले होते. दादाची दोरी हातात आली. तिच्यावर नवी गाठ दिसेना. जुनीच एक गाठ होती, पण बोटाला जाड लागत होती. सुपारीएवढी.

"मास्तर, ही एवढी जाड का?"

मास्तर दारात पाठमोरे उभे होते. "ओल्या हातानं बांधली, बाय."

मी आदल्या वेळेचाच आकडा लिहिला. चौतीस. त्याच्या पुढच्या टर्मला गाठ आणखी जाड झाली. तेव्हाही चौतीस.

मला काय ठाऊक होतं, असं मी आईला सांगते. पण बांधाच्या पलीकडे दादा गुडघ्यांवर हात ठेवून खोकताना मी दोनदा पाहिलेला होता. त्यानं मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. टेप माझ्या मांडीवरच असायची. उठून त्याच्या छातीभोवती धरायची, एवढंच करायचं होतं.

*

संघाची निवड होती. मैल ठरावीक वेळेच्या आत धावला तर दादा विद्यापीठाकडून जाणार. प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच नानांनी माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, मला नको. दार आपटलं तरी मी दचकते. नाना म्हणाले, "मी सांगतो ना, नुसतं बटण दाबायचं."

मास्तरांनी पिस्तूल उडवलं. मी जी दचकले, ती घड्याळ हातातून सुटून दगडावर पडलं.

दादा त्या दिवशी जसा धावला तसा कुणी पाहिला नव्हता. बापू अर्धी फेरी मागं राहिला आणि तिथूनच टाळ्या वाजवत आला. दादानं दोरी नेली, माझ्याकडे आला. मी घड्याळ पदरात लपवलेलं.

"किती?"

मी रडायलाच लागले.

तो हसला. त्याला धाप लागली होती, तरी हसला. मला तो ससुली म्हणायचा. "बरं झालं ससुले. नोंदच नाही, तर मोडणार कोण?"

पण नाना नियमाचे पक्के. मुलगा आहे म्हणून तर जास्तच. "वेळ नाही तर निवड नाही. पुढच्या रविवारी पुन्हा धावायचं."

मास्तर पुढे आले. "साहेब, नको. मी पायलाय ना. माझ्या डोळ्यानं पायलाय."

"तुमचे डोळे कमिटीला कसे पाठवू, मास्तर?"

मास्तरांनी खिळ्यावरच्या दोऱ्यांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं होतं. दादानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "धावतो ना. एक मैल तर आहे."

पुढच्या रविवारी तिसऱ्या फेरीला तो थांबला आणि खाली बसला. त्या मैदानावर पांढरं काही दिसत नसे. त्याच्या तोंडातून पडलं ते लाल होतं, लांबून दिसलं.

*

त्यानंतर तो पाच महिने होता. मास्तर दर रविवारी बाळकुमहून चालत यायचे आणि पडवीत बसायचे. आईनं आत बोलावलं तरी येत नसत. एकदा दादानंच हाक मारली.

"मास्तर, टर्म सुरू झाली. माप नाही घ्यायचं?"

मास्तर आत आले. कनवटीला ती दोरी होतीच. दादाला मी आणि आईनं बसता केलं. त्यानं जमेल तेवढा श्वास भरला. मास्तरांनी दोरी गुंडाळली आणि बोटं त्या जाड गाठीकडे न्यायला लागले.

"ह्या वेळी खरी बांधा," दादा म्हणाला.

मास्तरांना गाठ मारता येईना. जन्म जाळ्यात गेलेला माणूस, त्याची बोटं चुकत होती. शेवटी बांधली. दादानं दोरी उजेडात धरून दोन गाठींमधलं अंतर बोटांनी मोजलं.

"चार बोटं," तो म्हणाला. "नाना, बघा. तुमच्या नियमानं मी बाद."

नाना उंबऱ्यात उभे होते. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता. त्यांना काही दिसत नसणार.

*

गेल्या वर्षीच्या स्पोर्ट्सना नाना जाणार नव्हते. मुलंच न्यायला आली. बापू म्हणाला, "सर, प्रेसिडेंट नसले तर शर्यत लागत नाही, हा तुमचाच नियम." असा नियम नव्हता. पण नाना उठले.

स्टॉपवॉच दुरुस्त करून आणलेलं होतं. मी नको म्हणायच्या आधीच मास्तरांनी ते सुतानं माझ्या मनगटाला बांधलं. "आता कितीबी दचक, बाय."

मैलाला सहा जण होते. पिस्तूल उडालं. मी दचकले, पण बटण दाबलं.

तीन फेऱ्यांपर्यंत सगळे जोरात होते. चौथ्या फेरीत बापू पुढे निघाला. इतक्या वर्षांत त्याच्यापुढं प्रथमच कुणी नव्हतं. मी शेवटच्या बांबूपाशी उभी होते, म्हणून मला आधी दिसलं. बांबूंमधली दोरी नवी होती, पण मधला हातभर तुकडा जुना, मळका होता. त्याच्यावर सुपारीएवढी एक गाठ होती. तिच्यापासून चार बोटांवर दुसरी, लहान.

मी मास्तरांकडे पाहिलं. ते खाडीकडे बघत होते.

बापूनं दहा पावलांवरून ती पाहिली. ज्या मुलांनी वर्षानुवर्षं आपापल्या दोऱ्या त्या खिळ्यावर पाहिल्या, त्यांना ओळखायला काय लागतं? त्याचे पाय मंदावले. वाटलं, थांबतोय. मग तो वाकला आणि दोरीखालून, तिला केसही न लागू देता, पलीकडे गेला. त्याच्या मागचा डोंबिवलीचा मुलगा वाकला. मग तिसरा. सहाही जण वाकून गेले आणि पलीकडे ओळीनं उभे राहिले. दोरी वाऱ्यानं थोडी हलत होती.

माझ्या मनगटावर घड्याळ चालूच होतं. मी नानांजवळ गेले.

"नाना, थांबवू?"

नाना बांबूंकडे बघत होते. "दोरी गेली का?"

"नाही."

"मग कसं थांबवणार?"