ब्लाउजावरची चिठ्ठी

बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बस स्टँडमागच्या गल्लीत तुंगाबाईंचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. रुंदी सात फूट. आत दोन मशिनी, कापायचं एक टेबल आणि मापांच्या वह्या ठेवायची फळी. तुंगाबाई एकसष्ट वर्षांच्या आहेत. घराणं शिंप्यांचं, बंगळुरात किती पिढ्या झाल्या ते त्यांना सांगता येत नाही. घरात मराठी, दुकानात कन्नड, रागावल्या की दोन्ही.

दुकानाचा एक नियम होता, नवऱ्याने, म्हणजे गुंडूरावांनी, घालून दिलेला. कापड हातात आलं की आधी चिठ्ठी लिहायची: नाव, फोन नंबर, उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, द्यायची तारीख. ती टाचणीने कापडाला लावायची आणि गिऱ्हाईक ब्लाउज घेऊन जाईपर्यंत काढायची नाही. लग्न नवं असताना तुंगाबाईंनी एकदा चिठ्ठीशिवाय कापड फळीवर ठेवलं. गुंडूराव म्हणाले, "हे कुणाचं? रस्त्यावर सापडलं का?" गुंडूराव जाऊन नऊ वर्षं झाली. नियम तसाच राहिला.

गेल्या दोन वर्षांत मात्र चिठ्ठ्या कमी झाल्या. तयार ब्लाउज घरपोच मिळू लागले होते. दुसरी मशीन झाकूनच असायची.

श्वेता त्याच सुमारास आली. पुण्याची, कोरमंगलात राहणारी, कंपनीत नोकरी. आईची पैठणी घेऊन आली, आणि आठवड्याने शिवलेला ब्लाउज घालून पाहिला तेव्हा तिथेच उभी राहिली.

"काकू, हे फिटिंग! तुम्ही इन्स्टाग्रामवर का नाहीत?"

"मी इथे आहे की. चाळीस वर्षं."

"अहो, पण कोणाला माहितीये?"

"ज्यांना माहीत आहे त्यांना आहे. सरी, बरं, बस तू, स्वल्प चहा घे."

श्वेताने चहा घेतला आणि पुढचे तीन रविवार दिले. तिने इन्स्टाग्रामवर पान उघडून दिलं. धंद्यासाठी वेगळा नंबर घ्यायला लावला, कारण घरचा नंबर जगाला द्यायचा नाही. मोबाइलवर आलेला कोड कुणालाही, बँकेचं नाव सांगणाऱ्यालाही, वाचून दाखवायचा नाही. गिऱ्हाइकाचा चेहरा तिला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. तुंगाबाईंनी हे सगळं एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आणि अक्षरशः पाळलं.

पहिले दहा फोटो श्वेताने काढले. प्रत्येक वेळी ती ब्लाउजावरची चिठ्ठी काढून बाजूला ठेवायची. "मध्ये येते, डिझाइन झाकतं," एवढंच म्हणायची. तुंगाबाई फोटो झाल्याबरोबर चिठ्ठी परत लावायच्या. मग श्वेताचं ऑफिसचं काम वाढलं. "आता तुम्हीच काढा काकू, जमतंय तुम्हाला."

अकरावा फोटो अनुषाच्या लग्नाच्या ब्लाउजचा होता.

अनुषा ही येलहंकाच्या नीलिमाबाईंची मुलगी. नीलिमाबाई सव्वीस वर्षं तुंगाबाईंकडे येत. अनुषाचं परकर-पोलकं, शाळेचा गणवेश, कॉलेजच्या कार्यक्रमाची साडी, सगळं या सात फुटांत शिवून गेलं होतं. लग्नाच्या ब्लाउजावर तुंगाबाई एकवीस दिवस बसल्या. हिरवं रेशीम, पाठीवर आरीच्या भरतकामाची वेल. पूर्ण झाल्यावर त्यांनी तो दारातल्या उजेडात टांगला आणि मोबाइल धरला. चिठ्ठी आधी काढली होती. ब्लाउज बेवारशी दिसायला लागला. म्हणून परत लावली, पुढे, नीट सरळ. अनुषाचा चेहरा कुठेच नव्हता.

फोटो टाकला सोमवारी. मंगळवारी दुपारपर्यंत तो चाळीस हजार लोकांनी पाहिला होता. तुंगाबाईंनी शेजारच्या बटणवाल्या खंडोजीला मोबाइल दाखवला.

"अक्का, आता तू आम्हाला ओळख देणार नाहीस."

"चल हट. तुझा हिशोब वेगळा बघते."

चार वाजता नीलिमाबाईंचा फोन आला. त्या ओरडल्या नाहीत.

"तुंगाक्का, तो फोटो काढून टाक. आधी काढ, मग बोलू."

काय झालं ते त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं. सकाळपासून अनुषाला अनोळखी पुरुषांचे फोन येत होते. ते तिला नावाने हाक मारत आणि मापं वाचून दाखवत. सत्तावीस फोन. एक फोन ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्पीकरवर गेला.

तुंगाबाईंना फोटो काढून टाकता येत होता. तो त्यांनी काढला. पण तोवर लोकांनी तो आपल्याजवळ ठेवून पुढे पाठवला होता. संध्याकाळी श्वेता आली आणि तिने मोबाइलवर फोटोतली चिठ्ठी वाचली: नाव, नंबर, सगळी मापं.

"मी चेहरा नाही दाखवला गं," तुंगाबाई म्हणाल्या. "तू चेहरा सांगितला होतास."

"हो काकू. चिठ्ठीचं मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, ती फक्त मध्ये येते."

श्वेता अनुषासोबत सायबर पोलिसांकडे गेली. तक्रार लिहून घेतली गेली. अनुषाने नंबर बदलला. लग्न ठरल्या दिवशी झालं. तुंगाबाईंना पत्रिका महिनाभर आधीच आली होती, पण त्या गेल्या नाहीत, आणि का आला नाहीत असं कुणी विचारलं नाही. हिरवा ब्लाउज न्यायला कुणी आलं नाही; अनुषाने बाजारातला तयार ब्लाउज घातला, हे त्यांना खंडोजीकडून कळलं.

"बाही स्वल्प सैल होती म्हणे," तो म्हणाला. त्यांना बरं वाटेल असं काहीतरी त्याला बोलायचं होतं.

लग्नानंतर बारा दिवसांनी नीलिमाबाई दुकानात आल्या. तुंगाबाई उठून उभ्या राहिल्या. हिरवा ब्लाउज कागदात गुंडाळून तयार होता. तो त्यांनी पुढे केला.

"तो नको," नीलिमाबाई म्हणाल्या. "आमची पानं दे."

"कसली?"

"मापांची. माझं, अनुषाचं, आमच्या अत्तींचं, सासूबाईंचं. वहीत असतील ना."

"ती वही कुणी बघत नाही, नीलिमा. माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही."

"माहीत आहे मला. तरी दे."

तुंगाबाईंनी फळीवरून चार वह्या काढल्या. अनुषाची पानं सात निघाली. पहिल्या पानावर गुंडूरावांच्या अक्षरात लिहिलं होतं: वय चार, उंची वाढेल, शिवणीत कापड सोडावं. तुंगाबाईंनी पट्टी लावून एकेक पान फाडलं, कड सरळ ठेवून. गुंडूरावांच्या अक्षरातल्या पानावर त्यांचा हात थोडा थांबला. नीलिमाबाईंनी ते पाहिलं, पण हात पुढेच धरला.

जाताना पायरीवर त्या म्हणाल्या, "तू मुद्दाम केलं नाहीस. मला कळतं. पण ती आता कुणाला माप घेऊ देत नाही गं."

इन्स्टाग्रामचं पान चालू आहे. त्या एका फोटोमुळे आलेली गिऱ्हाइकं अजून येतात, व्हाइटफील्डहूनही येतात; दुसरी मशीन उघडली आहे. दुकानाचा नियम बदलला आहे. नाव आणि फोन कुलपातल्या वहीत असतो, चिठ्ठीवर फक्त आकडा. फोटोच्या आधी चिठ्ठी काढून डब्यात ठेवतात, आणि मग तुंगाबाई मोबाइलवर चित्र मोठं करून कोपरा न् कोपरा तपासतात. नव्या बायकांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत.

"तेहतीस नंबर," परवा त्यांनी दारातून हाक मारली. बाकावरच्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एक उठली.

हिरवा ब्लाउज फळीवर आहे, कागदात. त्याला चिठ्ठी नाही.