बासष्टावं नाव

आयली राउतिओ मेलेल्यांशी बोलते, अशी आमच्या कॉलेजात बोलवा होती. रोज पहाटे ती धक्क्याच्या टोकाला एकटी उभी राहते, सरोवराकडे तोंड करून हाका मारते आणि पलीकडून कोणीतरी ओ देतं म्हणे. हॉकीच्या पोरांनी तर मजल इथवर नेली होती की जेवताना ती ताटंसुद्धा दोन घेते.

खरं काय ते सांगतो. ताट एकच असायचं. त्यात बटाटा-मांस भरलेल्या, करंजीसारख्या पॅस्ट्या दोन असायच्या, कारण आयली खायची दणकून. वल्ही मारणाऱ्या संघाची कप्तान ती, माझ्या मांडीएवढे तिचे दंड. आणि पहाटे ती कोणाशी बोलत नव्हती. सराव करत होती.

आमच्याकडे पदवीदानाच्या सकाळी हजेरी होते. रीत मूळची तांब्याच्या खाणीतली. पाळी संपली की मुकादम नावं पुकारायचा आणि शेवटचा माणूस ओ देईपर्यंत कोणी घरी जायचं नाही. खाणी बुजल्या, कॉलेज उरलं, हजेरी आमच्या गळ्यात पडली. शेवटच्या वर्षाची पोरं घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहतात. धक्क्यावरून एकजण समोरच्या कड्याकडे नाव पुकारतो, ते कड्यावर आपटून परत येतं, मग ज्याचं त्याने ‘आहे!’ म्हणायचं. तीन हाका मारूनही एकाची जरी ओ आली नाही, तरी सगळ्यांनी पाण्यातच उभं राहायचं. मे महिन्यातलं आमचं पाणी म्हणजे कालचा बर्फ. एका साली कोणी पठ्ठ्या झोपून राहिला, तर अख्ख्या बॅचने पाऊण तास पाय गोठवले होते.

यंदा पुकारायचं काम आयलीकडे होतं. नावं एकसष्ट. तिच्या मते बासष्ट.

बासष्टावा आर्व्हिड लाहती. आयलीच्या होडीत तिच्या मागे बसणारा. नोव्हेंबरात कोवळ्या बर्फावरून सरोवराची खाडी ओलांडायला गेला आणि बर्फ फुटून खाली गेला. दोन दिवसांनी प्रेत मिळालं.

मी पहिल्या वर्षाला. नाव अँसन, पण सगळे पोपट म्हणतात, कारण एकदा कानावर पडला की कोणाचाही आवाज माझ्या घशात मुक्कामाला येतो. डीन प्रुइटसरांचा आवाज काढला, तर त्यांच्याच कुत्र्याने माझ्यासमोर मुकाट बसकण मारली होती. आयली ‘हो’ म्हणायची ते श्वास आत ओढून, दचकल्यासारखं, तिच्या आजीसारखं. तेही मला येत होतं. आणि आर्व्हिडही येत होता. कुठलंही वाक्य बोलण्याआधी तो दोनदा खोकायचा, पायरी चढल्यासारखा.

एका पहाटे मी आयलीची फजिती करायला म्हणून बोटींच्या छपरामागे दडून बसलो. ती पुकारत होती. एकेक नाव कड्यावरून परत येत होतं, थोडं जाड होऊन. मी बोटांवर मोजत होतो. शेवटी तिने आर्व्हिडचं नाव घेतलं.

काही परत आलं नाही.

वारा नव्हता. तिने पुन्हा पुकारलं. तोच कडा, तोच गळा. काही नाही. मग तिने माझं नाव पुकारलं, “पोपटा, बाहेर ये, तुझे बूट दिसतायत!” आणि ते मात्र अक्षरन् अक्षर परत आलं.

“हे काय होतं?” मी विचारलं.

“दोन महिने असंच चाललंय,” ती म्हणाली. “आर्व्हिड आपलं नाव ठेवून घेतो.”

हे डीनसरांना कसं सांगणार? त्यांनी तिला बोलावलं तेव्हा मी दाराबाहेरच होतो. सरांच्या ‘स’मधून शिट्टी निघते. “हे बघ, बाळ, साधी सरळ गोष्ट आहे. ज्याला पदवी नाही, त्याचं नाव यादीत नाही. आणि ओ कोण देणार? मुलं संध्याकाळपर्यंत पाण्यात उभी करायची का?”

“मी त्याच्या आईला शब्द दिलाय, सर. ती येणार आहे.”

“मग शब्द परत घे.”

“नाही घेणार.”

तेव्हा कॉर्बिन, हॉकीचा गोलकीपर, मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, “पोपट्या, तिसऱ्या हाकेला तूच ओ दे त्याच्या आवाजात. आई खूश, सर खूश, आमचे पायही शाबूत.”

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. एवढ्या मोठ्या मैदानात नक्कल! पण आयलीला कुठून तरी वास लागला. तिने माझी कॉलर धरली.

“तू तोंड उघडायचं नाहीस. तो देईल ओ.”

“आयली, तो मेलाय गं.”

“लाव पैज.”

“लावली. त्याने ओ दिली नाही तर?”

“तर सगळ्यांसमोर मी पाण्यात गुडघे टेकून माफी मागेन. आणि दिली, तर तू इथून पदवी घेऊन जाईपर्यंत कोणाचाही आवाज काढायचा नाहीस. एकदाही नाही.”

हात मिळवला. तिचा तळवा थंड होता, पण तिचे तळवे कायमच थंड.

पदवीदानाच्या सकाळी धुकं इतकं की कडा दिसतच नव्हता. पोरं झग्यांचे घेर वर धरून पाण्यात कुडकुडत होती. आर्व्हिडची आई मागे, हातात वेलचीच्या गोड पावाची टोपली घेऊन. येईल त्याला एक तुकडा देत होती. मलाही दिला. मी छपराशेजारी जाऊन उभा राहिलो.

एकसष्ट नावं गेली, आली, ओ मिळाली. मग आयलीने बासष्टावं पुकारलं.

धुक्याने ते गिळलं. डीनसर जागच्या जागी चुळबुळले. तिने दुसऱ्यांदा पुकारलं. आईने टोपली खाली ठेवली. पाण्यातून कॉर्बिन माझ्याकडे बघून डोळे वटारत होता, दे ना, दे ना. आणि माझ्या घशात तो खोकला आपोआप वर येऊ लागला. देवाशपथ, मी बोलावला नव्हता. मी घाबरून पावाचा अख्खा तुकडा तोंडात कोंबला.

आयली वळली. तिसरी हाक तिने माझ्या फुगलेल्या गालांकडे बघत मारली.

कड्याकडून दोनदा खोकला आला. मग, “आहे गं, आहे.”

कॉर्बिन हसला, सगळी बॅच हसली, पाणी उडवत बाहेर आली आणि माझ्या पाठीवर थापा पडल्या. “वा रे पोपटा! आवाज तिकडून कसा फिरवलास?” मी नाही नाही अशी मान हलवत होतो. तोंडातून वेलचीचा चुरा सांडत होता. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? आर्व्हिडच्या आईने मात्र माझ्याकडे पाहिलंच नाही. ती कड्याकडे बघून म्हणाली, “सर्दी गेली नाही अजून याची,” आणि रिकामी टोपली उचलून चालू लागली.

आयलीने यादीवर शेवटची खूण केली. दुपारी ती गाडीत सामान भरत होती, तिथे मी गेलो.

“तुला माहीत होतं?”

तिने श्वास आत ओढला, दचकल्यासारखा. हो.

“आणि तो माझा आवाज नव्हता हे सांगशील ना सगळ्यांना?”

“कशाला? तुला माहीत आहे, मला माहीत आहे.” तिने गाडी सुरू केली, काच खाली घेतली. “काढ ना जरा प्रुइटसरांचा आवाज. जाता जाता.”

सरांचा ‘स’ माझ्या दातांपर्यंत आला होता. मी ओठ मिटले.

“शाब्बास,” ती म्हणाली आणि फाटकापाशी पोचल्यावर तिने भोंग्यासारखं पुकारलं, “अँसन!”

“आहे,” मी म्हणालो. स्वतःच्या आवाजात दिलेली माझी ती पहिली ओ, आणि तो आवाज काही मला ओळखू येईना.