परसरामचा राहिलेला पेपर

परसराम बारावीला गणितात नापास झाला म्हणून तळ्यात मासे मारतो, असं आमच्या आळीत सांगतात. साफ खोटं. ही बातमी मी पसरवली असती तर जरा रंगवून तरी पसरवली असती. खरं असं की परसराम त्या पेपरला बसलाच नाही.

तळ्यात मोठं जाळं ओढायच्या दिवशी मच्छीमार संस्थेच्या दर घरचा एक माणूस पाण्यात उतरावा लागतो. नाही उतरला, तर त्या घराचा वर्षाचा वाटा गेला. त्या मार्चात परसरामचा बाप तापानं पडलेला, आणि जाळं अन् पेपर एकाच दिवशी. साकोलीच्या बसला निघालेला पोरगा माझ्या ओट्याशी थबकला.

"भाऊ, काय करू गा?"

मी दात घासत म्हणालो, "पेपर काय पळून चालला? ऑक्टोबरात दे."

ऑक्टोबरात बाप वारला. पेपर राहिलाच.

परवा त्याची बारावीतली गुड्डी अंगणात गणित सोडवत होती. सरळ रेषेत जाणारी वस्तू. विस्थापन t चा घन, उणे सहा t वर्ग, अधिक नऊ t. एका सेकंदाला वेग किती? गुड्डीनं चार मीटरला एकानं भागलं.

"तो सरासरी वेग झाला," जाळं सांधता सांधता परसराम म्हणाला. "त्याच घडीचा पाहिजे तं अवकलन कर. तीन t वर्ग, उणे बारा t, अधिक नऊ. आता t च्या जागी एक टाक."

"शून्य आला, बाबा!"

"मंग? तिथून वळते. तिसऱ्या सेकंदाले वापस घरी."

"तुह्यासारखीच," मी म्हणालो. माझी जीभ!

गुड्डी वही मिटत म्हणाली, "काका, सोमवारी जाळं हाय. बाबाचा खांदा उखडला हाय. मीच उतरीन."

सोमवारीच तिचा गणिताचा पेपर.

घराच्या नावानं शेजारी उतरला तरी संस्थेला चालतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आमच्या घरचा थोरला भाऊ उतरायचा, मी तळ्याच्या पाळीवर बसून शेंगा खायचो.

"पोरीले पेपरले जाऊ दे," मी म्हणालो. "तुह्या नावानं मी उतरतो."

परसरामनं सुई थांबवली.

"उतर. पण भाऊ, त्या दिवशी बी तू रिकामाच होता ना गा?"